रेतीला हवा घालणारे सर

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आजवर पुष्कळ भाडेकरू येऊन गेले. एकानं कबुतरं पाळली. एका जोडप्यानं आपसात अबोला धरला आणि वर्षभर माझ्यामार्फत संसार चालवला. एक कारकून आंघोळीला बसला की तेराचा पाढा म्हणायचा, आणि तोही चुकीचा. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई मी, असल्या गोष्टींचं मला काही वाटत नाही. पण रेती पाळणारा भाडेकरू मला एकच मिळाला.

खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. नळाला पाणी किती वेळ असतं, लाइट जाते का, काही विचारलं नाही. सरळ मागच्या अंगणात गेले, बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं आणि म्हणाले, "काकू, इथं वारा कोणत्या बाजूनं येतो?"

"ज्या बाजूची खिडकी उघडी असेल त्या बाजूनं," मी म्हटलं.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी तिथंच ओळखायला हवं होतं.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या, मुंबईच्या नव्हे, एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असला तर सर, नसला तर घरी. इथून, गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीहून, रोज मोटारसायकलनं जायचे, यायचे. पीएचडी झाली तर कुठंतरी कायम लागण्याची आशा होती. नाही झाली तर असंच तासावर म्हातारं व्हायचं. अशा वेळी शहाणा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडेल असा विषय घेतो. इथं धान आहे, तलाव आहेत, जंगल आहे. सरांनी विषय घेतला समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा. झाडं आणि वाळू मिळून त्या टेकड्या कशा घडवतात, हे त्यांना शोधून काढायचं होतं.

गोंदियातून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र दिसेपर्यंत गाडीत पाठ आखडते. त्यामुळं गल्लीत ज्याला त्याला एकच शंका. शेजारचा किराणावाला तर रोज विचारायचा, "सर, समंदर कब ला रहे हो?" सर न चिडता सांगायचे, "मासोळी कधी पाण्याचा अभ्यास करते का? लांब राहणाऱ्यालाच तो करावा लागतो." हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलं की पुढंपुढं किराणावाला प्रश्नाबरोबर उत्तरही स्वतःच देऊ लागला.

पहिल्यांदा समुद्र पाहिला तो त्यांनी कॉलेजच्या सहलीत. बाकीची पोरं पँटी वर करून पाण्यात धावली आणि हे पाण्याकडं पाठ करून वाळूत बसले. तिथं एक जांभळ्या फुलांची वेल पसरली होती. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्र तिची मर्यादा ओलांडत नाही म्हणून ते नाव, असं ते सांगायचे. वेलीच्या मागं वाळूचा एक लहानसा उंचवटा होता. पलीकडं रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत होतं, त्याच्यामागं दुसऱ्याच आकाराचा उंचवटा होता. असं का, हे त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, बस सुटते आहे, चल. तेवढ्यावरून हे पुढं सात वर्षं अडकले.

दर दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कोकणात जाऊन त्या टेकड्या मोजून यायचे. एकदा मी सहज विचारलं, "पाणी खरंच खारट लागतं का हो?"

"माहीत नाही, काकू."

"म्हणजे?"

"मी पाण्यात गेलो नाही. माझं काम पाण्याच्या अलीकडं आहे."

इतक्या खेपा केल्या या माणसानं, आणि पायाचा अंगठासुद्धा ओला केला नाही! मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. आमच्या गल्लीतली एक बाई जावयाबरोबर एकदाच गणपतीपुळ्याला गेली होती, ती समुद्रावर त्यांच्यापेक्षा जास्त बोलायची.

सुट्टीपुरतं मोजून भागेना, म्हणून त्यांनी माझ्या मागच्या अंगणात प्रयोग मांडला. वर टिनाचं छप्पर घातलं. खाली विटांचे आठ वाफे केले, एकेक खाटेएवढा. त्यांत रेती भरली. चार वाफ्यांत मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा लावल्या आणि चार वाफे उघडे ठेवले. प्रत्येक वाफ्यात सायकलच्या चाकाच्या जुन्या तारा खुणा करून उभ्या रोवल्या. रोज सकाळी एका टोकाला पंखा लावायचा, ठरावीक वेळ वारा घालायचा आणि मग पोटावर पालथं पडून कोणत्या तारेपाशी रेती किती चढली, किती उतरली ते वहीत लिहायचं. गल्लीतल्या पोरांना वाटायचं, सर व्यायाम करतात.

झाडांना पाणी ते चमच्यानं द्यायचे. एकेका मुळाशी एक चमचा, कारण आजूबाजूची रेती भिजली तर ती उडत नाही. औषध पाजल्यासारखं ते सगळं चालायचं.

आता रेती म्हणाल तर आमच्या नद्यांत पडलेलीच आहे. पण सुरुवातीला त्यांना समुद्राचीच रेती पाहिजे होती. नदीच्या रेतीचा कण टोकदार आणि समुद्राचा घासून गोल झालेला, असं काहीसं होतं. कोकणातल्या गावच्या लोकांना विचारून नमुन्यापुरतं एक पोतं भरून आणलं. ते घेऊन गोंदिया स्टेशनवर उतरले तर पोलिसानं हटकलं.

"क्या है इसमें?"

"रेती."

"रेती? कहाँ ले जा रहे हो?"

"यहीं. मुर्री."

पोलिसानं पोत्याचं तोंड सोडून हात घातला. पार कोपरापर्यंत. रेतीच निघाली. त्यानं आणखी एका पोलिसाला बोलावलं, त्यानंही हात घातला. बराच वेळ दोघं त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. मग पहिला हळू आवाजात म्हणाला, "घर में कोई बड़ा है क्या?" शेवटी फोन मला आला. मी सांगितलं, हो, माझेच भाडेकरू आहेत, सोडा त्यांना, कोणाला त्रास देत नाहीत. वाफे मात्र शेवटी त्यांनी नदीचीच रेती चाळून भरले.

पंख्याची गंमत वेगळीच होती. घरचा पंखा पुरेना म्हणून त्यांनी मंडप-डेकोरेशनवाल्याकडचा मोठा पंखा लावला होता. पण लग्नसराई आली की पंखा लग्नाला जायचा. आणि पंख्यामागं सर जायचे! वेगाचं बटण कोणी जोरात फिरवून बिघडवेल या धास्तीनं ते बोलावणं नसताना लग्नात जाऊन पंख्याशेजारी खुर्ची टाकून बसत. मुलीकडच्यांना वाटे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडचे. जेवणाचा आग्रह दोन्हीकडून होई. एका उन्हाळ्यात त्यांचं वजन चांगलंच वाढलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं मात्र जुळेना. एकदा पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे पाहुणे पाहायला आले. मी पोहे केले, चांगले कप काढले. सर पाहुण्यांना घेऊन मागच्या अंगणात गेले ते तासभर आलेच नाहीत. मुलीच्या मामानं वैतागून बाहेर येऊन किराणावाल्याला विचारलं, "लड़का आखिर करता क्या है?" किराणावाला प्रामाणिक माणूस. म्हणाला, "रेत को हवा देता है." पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. मला सरांपेक्षा पोह्यांचं जास्त वाईट वाटलं.

मला त्यांचा राग यायचा, हे मी लपवत नाही. उन्हाळ्यात माझ्या ओसरीवर कुंडीच्या मागं धूळ साचली की ते म्हणायचे, "काकू, दोन दिवस झाडू नका." आणि पट्टी घेऊन मोजत बसायचे. माझ्या घरी, मी, झाडायचं नाही! पण ते सुट्टीत कोकणात गेले की ओसरी कितीही लख्ख असली तरी मला करमायचं नाही, हेही खरं.

शिकवण्याचा सोस मोठा. दूधवाला असो, गॅस सिलेंडर आणणारा असो, मीटरचं रीडिंग घेणारा असो, अंगणात आला की त्याला वाफे दाखवून सगळं सांगायचं. झाड वाऱ्याला अडवतं, वारा मंदावला की हातातली रेती खाली टाकतो, रेतीचा ढीग होतो, झाड ढिगातून वर येतं, आणखी वारा अडवतं, ढीग वाढतो. आणि उघडे वाफे कशासाठी? तर झाडामुळं किती झालं आणि वाऱ्यानं आपलं आपण किती केलं, हे वेगळं कळावं म्हणून. उघड्या वाफ्याला हात लागला तर सगळं बुडालं. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं. म्हणूनच पुढं जे झालं त्यात माझी चूक जास्त आहे. ते येईलच.

त्यांची आई चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूच्या एका खेड्यात राहायची. सरांचे वडील लवकर गेले. थोडी शेती, बाकी मजुरी, असं करून तिनं पोराला शिकवलं. बाई मोठी तालेवार. म्हणजे पैशानं नाही, हातानं. धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, तिच्यासारखा हात त्या भागात नव्हता. दोरी न धरता ओळ सरळ. बायांची टोळी तिच्या मागं चालायची आणि लोक आठ दिवस आधीपासून सांगून ठेवायचे. अधूनमधून मुर्रीला यायची, बुद्धपौर्णिमेला खीर करायची. आमची गट्टी जमली होती. मला ती मास्तरीनबाई म्हणायची.

त्या वर्षी तिचे गुडघे गेले. सर तिला गोंदियाला डॉक्टरकडं दाखवायला घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, यंदा चिखलात उतरायचं नाही आणि वाकायचं तर मुळीच नाही. म्हणजे रोवणी बंद. कळायला लागल्यापासून पहिल्यांदा तिची रोवणी चुकली. बाहेर पाऊस लागून राहिलेला, रस्त्यानं बाया टोळ्याटोळ्यांनी चाललेल्या, आणि ही माझ्या ओसरीवर पाय पसरून बसलेली. हात सारखे हलायचे. गहू नसताना गहू निवडल्यासारखे.

सरांचंही ते वर्ष अखेरचं होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती. विद्यापीठानं कळवलं होतं, आता या हिवाळ्याच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. वाफ्यांची दीड वर्षाची मोजणी झाली होती आणि शेवटचे चार महिने राहिले होते. तुलनेचं, म्हणजे चौथं, प्रकरण त्या चार महिन्यांवर पूर्ण व्हायचं होतं. लिहून झालेली प्रकरणं मार्गदर्शक बाईंना दाखवायला ते आठ दिवसांसाठी नागपूरला गेले. जाताना मला म्हणाले, "काकू, वाफ्यांकडं लक्ष ठेवा." मांजर येऊन घाण करेल, एवढीच त्यांची भीती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मागं गेले तर सरांची आई छपराखाली बसलेली. समोर मर्यादवेलीच्या तोडलेल्या फांद्यांच्या जुड्या, पऱ्ह्याच्या म्हणजे धानाच्या रोपांच्या असतात तशा.

"काय करून राहिल्या जी?" मी विचारलं.

"पाह्यना मास्तरीनबाई, हे अर्ध उजाड पडलं आहे. तिकडं दाटी अन् इकडं काही नाही. पोराले वेळ भेटत नसन." आणि हसून म्हणाली, "डाक्टरनं वाकाले मना केली. बसाले मना नाही केली."

ती बसल्या बसल्या मागं सरकत चालली होती. बोटं रेतीत जायची, रोप बसायचं, अंगठ्यानं दाब, पुढचं. ओळ कशी, पट्टीनं मारलेली. मी दीड वर्ष त्या उघड्या वाफ्यांचं पुराण ऐकलेली बाई. तेव्हा माझ्या तोंडून निघायला हवं होतं की थांबा. पण कितीतरी दिवसांनी त्या बाईच्या चेहऱ्यावर रोवणीचं तेज आलं होतं. मी तिच्या हाताकडं पाहत राहिले आणि माझ्या मेंदूवर जणू झापड आली. म्हटलं, "किती बरं दिसून राहिलं!" एवढंच नाही, मी बादली भरून आणली.

"चमच्यानं कोनी झाडाले पानी देते का?" ती म्हणाली. आम्ही दोघींनी आठही वाफ्यांना पोटभर पाणी घातलं. सायकलच्या तारा पायात रुततील म्हणून तिनं आधीच उपटून, जुडी बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. ओली रेती पायाखाली बसली तेव्हा कुठं मला आठवलं, आपण काय केलं. मी बादली खाली ठेवली. पण तोवर आठही वाफे हिरवे झाले होते.

सर आले ते शनिवारी. बॅग खांद्यावर ठेवूनच मागं गेले. आई दाराशी उभी.

"बाबू, आठही भरले. एकही रोप मेलं नाही, पाह्य!"

ते उभे राहिले. मग खाली बसले. एका ओळीवरून डोळे या टोकापासून त्या टोकाला नेले. मी भिंतीला धरून उभी होते. हा माणूस रेतीवर मांजराचा पंजा उमटला तर दिवसभर जेवत नसे.

"माय," ते म्हणाले, "हात अजून तसाच आहे तुझा."

"बरं झालं ना मंग?"

"ओळी लई सरळ आल्या."

खोटं ते याही वेळी बोलले नाहीत. पण खरं काही सांगितलंही नाही. आईनं केलेली भाकर आणि भाजी खाल्ली, आणखी मागून घेतली. मग माझ्या ओसरीवर येऊन बसले. मी आधीच रडायला लागले होते.

"काकू, तुम्हाला तर माहीत होतं."

"हो."

यापलीकडं ते मला रागानं एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मीच मग शहाणपणा सुचवला. म्हटलं, दीड वर्षाचे आकडे आहेत ना तुमच्याकडं? त्याच मापानं पुढचे चार महिने भरून टाका. मुर्रीत कोण पाहायला येतं?

"मी पाहिलं ना," ते म्हणाले.

मग म्हणाले, "एक करा. मायला हे कळू देऊ नका. तिला वाटून राहिलं, तिनं माझं काम पूर्ण केलं." मला त्यांचा इतका कळवळा आला की ओसरीवर त्यांना जी धूळ मोजायची ती त्यांनी जन्मभर मोजावी, असं वाटलं.

मार्गदर्शक बाई फोनवर पुष्कळ तापल्या. नव्यानं वाफे करायला वेळ नव्हता. सरांनी तुलनेचं प्रकरण अर्ध्यावर थांबवलं आणि का थांबवलं ते त्यात लिहिलं. मला ते वाक्य त्यांनी मराठीत वाचून दाखवलं होतं: उघड्या चारही वाफ्यांत संशोधकाच्या आईनं रोपं लावली, ते वाफे उघडे का ठेवले आहेत, हे संशोधकानं त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, असलं प्रबंधात कोणी लिहितं का? परीक्षक हसतील, नाहीतर परत पाठवतील. ते म्हणाले, "झालं ते झालं. त्यांनी ठरवावं."

प्रबंध मुदतीत गेला. काही महिन्यांनी तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. आई म्हणाली, मी येणार. सर नको नको म्हणत होते आणि कारण सांगता येत नव्हतं. "मी भरले ते वाफे," ती म्हणाली, "मी नाही येऊ तं कोन येईन?" शेवटी आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेलो. तिनं पांढरं नवं लुगडं नेसलं होतं आणि वाटेत दोनदा पदर नीट करून घेतला. सरांनी खिडकीबाहेर पाहत सगळी वाट काढली.

विभागाच्या हॉलमध्ये पंचवीसतीस माणसं असतील. आम्ही दोघी मागच्या ओळीत बसलो. बाहेरून आलेले परीक्षक कोकणाकडचे, वयस्क, चष्मा नाकाच्या टोकावर घेतलेले. सर इंग्रजीत बोलत होते, पडद्यावर चित्रं येत होती. आपल्या ओळी पडद्यावर आल्या तशी आईनं माझा दंड धरला. "पाह्य, पाह्य, माह्या ओळी!"

मग प्रश्न सुरू झाले. एकामागून एक. सर उत्तरं देत होते आणि चांगली देत होते, हे मला भाषा न कळताही कळत होतं. शेवटी परीक्षकांनी पानं मागं उलटली, एका जागी बोट ठेवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि मराठीत विचारलं, "या आई कोण? इथं आल्यात का?"

मी तिचा पदर धरायच्या आत ती उभी राहिली. हात जोडले. "मीच जी."

"अस्सं! म्हणजे याचं चौथं प्रकरण बुडवणाऱ्या त्या तुम्हीच."

ते गमतीनं म्हणाले. तिला सगळं माहीत असेल, असंच त्यांना वाटलं असणार. हॉलमध्ये थोडं हसू झालं. ती हसली नाही. वळून पोराकडं पाहिलं.

"बुडालं म्हंते, बाबू?"

सर माईकपाशी उभे. मला वाटलं, आता तरी हा माणूस आईसाठी एक खोटं बोलेल. मी मनातल्या मनात म्हणतच होते, बोल बाबा, बोल.

"होय माय," ते म्हणाले. "बुडालं. पन चूक तुही नाही. म्या तुले सांगतलंच नाही."

"का नाही सांगतलं?"

त्यांनी परीक्षकांकडं पाहिलं, मार्गदर्शक बाईंकडं पाहिलं. मग माईक बाजूला केला आणि तिथूनच, पंचवीसतीस माणसांच्या डोक्यावरून, आईला सांगायला लागले. "माय, धान उडवताना वारा पडला तं कोंडा कुठी पडते?"

"पायापाशी."

"तसंच आहे. झाड वाऱ्याले अडवते. वारा दमला का रेती झाडाच्या पायापाशी पडते. पडतापडता तिची टेकडी होते. झाड टेकडीतून वरते येते अन् अजून वाऱ्याले अडवते. किती अडवते, तेवढंच म्या मोजून राहिलो होतो."

"अन् उजाड काऊन ठेवलं होतं मंग?"

"झाडानं किती केलं, अन् वाऱ्यानं आपल्या मनानं किती केलं, ते समजाले."

तिनं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटानं एक चौकोन काढला, शेजारी दुसरा.

"म्हंजे धानाच्या एका बांधीत खत टाकलं," ती सावकाश म्हणाली, "तं एक बांधी बिनखताची ठेवाव लागते. तवाच समजते का खतानं काय केलं."

"होय माय. तसंच."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "चौथं प्रकरण अपुरं आहे, आणि ते तसंच अपुरं राहू द्या. बाकीच्या प्रकरणांवर माझं समाधान झालं आहे. मला आता काही विचारायचं नाही." मार्गदर्शक बाई उभ्या राहिल्या. टाळ्या झाल्या. मी किती वाजवल्या मला माहीत नाही, हात दुखत होते आणि डोळे वाहत होते.

आई मात्र अजून उभीच होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग बसता बसता, शेजारच्याशी बोलावं तसं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"एवढंच होतं तं मले सांगाले सात वर्सं कायले लागली रे?"

त्या दिवशी विचारलेल्या एकूण एक प्रश्नाला सरांनी उत्तर दिलं होतं. याला दिलं नाही. खाली मान घालून ते नुसते उभे राहिले, शाळेत पाढा विसरलेलं पोर राहतं तसे, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडं पाहत राहिलो.